उंचीवरचा सराव आणि व्हीलचेअर खेळाडू

प्रश्न : माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर शर्यतींत भाग घेतो. अपघातात त्याच्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली आहे. प्रशिक्षक त्याला तीन आठवड्यांच्या सरावासाठी हिमाचलमधील शिलारू येथे नेऊ इच्छितात. त्याच्या शरीरावर व मनःस्थितीवर याचा काय परिणाम होईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : शिलारूचे प्रशिक्षण केंद्र सुमारे ८,००० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्याहूनही बरेच वर आहे. तेथील हवेतही ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो; पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट असल्याने रक्तात ऑक्सिजन कमी उतरतो. मूत्रपिंडे त्याला प्रतिसाद म्हणून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतात, मात्र तांबड्या पेशींत उपयुक्त वाढ दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि त्यासाठी शरीरात लोहाचा पुरेसा साठा असावा लागतो. म्हणून जाण्यापूर्वी काही आठवडे फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी, रक्ततपासणी अवश्य करावी.

इतर खेळाडूंचे वेळापत्रक मात्र तुमच्या भावाला जसेच्या तसे लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंचीवर ऑक्सिजनची तूट भरून काढण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. पण मानेतील इजेमुळे हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंचा मेंदूशी संपर्क तुटलेला असल्यास कमाल ठोके अनेकदा मिनिटाला ११० ते १३० च्या आसपासच थांबतात. त्यातच फासळ्यांमधील व पोटाचे स्नायू दुबळे असल्याने श्वासाचा भार मुख्यतः श्वासपटलावर पडतो. त्यामुळे सरावाची तीव्रता नाडीवरून न ठरवता, त्याला स्वतःला किती श्रम जाणवतात आणि ठरावीक अंतराला किती वेळ लागतो यांवरून ठरवणे योग्य.

सर्वांत जास्त काळजी डोकेदुखीची घ्यावी. उंचीवर सुरुवातीला लघवीचे प्रमाण वाढते, आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्या व्यक्तीत तुडुंब भरलेले मूत्राशय रक्तदाब अचानक, धोकादायक रीतीने चढवू शकते; या अवस्थेला ऑटोनॉमिक डिस्रिफ्लेक्सिया म्हणतात. ठणकणारे डोके, चेहऱ्यावर लाली व घाम अशी लक्षणे दिसताच ‘उंची बाधली असेल’ असे म्हणून त्याला झोपवू नये. ताठ बसवून कपडे सैल करावेत, कॅथेटर व मूत्राशय तपासावे, रक्तदाब मोजावा आणि डॉक्टरांना बोलवावे. एरवी ज्याचा वरचा दाब १०० असतो, त्याच्यासाठी १३० हा आकडाही चढलेलाच समजावा. वारंवार कॅथेटर लावणे टळावे म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह अनेकांना होतो. कोरड्या हवेत तो मूत्रसंसर्गाला निमंत्रण देतो.

मनःस्थितीविषयी सांगायचे, तर पहिल्या आठवड्यात चिडचिड, निरुत्साह आणि थकवा येणे स्वाभाविक आहे. रात्री श्वासाची लय मोडून झोप तुटते, आणि मानेच्या इजेत झोपेतील श्वसनाच्या तक्रारी आधीपासूनच अधिक आढळतात. याला जिद्दीचा अभाव समजून त्याच्यावर अधिक सराव लादणे अन्यायाचे होईल. घरी असतानाच दोन आठवडे रोज सकाळी झोप, उत्साह आणि थकवा यांची छोटी नोंद ठेवण्याची सवय लावा, म्हणजे तेथील नोंदींची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीशी करता येईल. आठवडा उलटूनही मन उतरलेलेच राहिले, तर सरावाचा भार कमी करावा. तरीही फरक न पडल्यास त्याला खाली आणावे.