हिडन फोटॉन : अदृश्य, छुपा की अप्रकट?

प्रश्न असा आहे : मायक्रोवेव्ह कॅव्हिटी (लहरी कोंडून ठेवणारी धातूची पोकळ डबी) वापरून 'हिडन फोटॉन' (प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन, त्याचा एक कल्पित भाऊबंद) शोधतात, त्या प्रयोगांवर मराठीत लिहिताना 'अदृश्य फोटॉन' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. अदृश्य तर रेडिओलहरींचे, क्ष-किरणांचे फोटॉनही असतातच. हा कण (असलाच तर, अजून कुणाला सापडलेला नाही) नेहमीच्या पदार्थाला जवळजवळ दादच देत नाही, म्हणून तो हिडन. 'छुपा' तोंडात पटकन बसतो, पण छुपा अजेंडा, छुपे दर यांमुळे त्याला लबाडीचा वास लागलाय. 'गुप्त' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम दडवल्यासारखं वाटतं.

प्रयोगच पाहू. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये नायोबियम धातूच्या दोन कॅव्हिटी द्रव हेलियमच्या गारठ्यात ठेवल्या. एकीत १.३ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भरायच्या, दुसरीत काहीच नाही, तिथं नुसतं कान लावून बसायचं. मायक्रोवेव्ह धातूची भिंत ओलांडत नाहीत. पण पहिलीतल्या एखाद्या फोटॉनने हिडन फोटॉनचं रूप घेतलं तर त्याला भिंत अडवणार नाही, आणि दुसरीत तो पुन्हा साधा फोटॉन झाला की संकेत मिळेल. त्यासाठी दोन्हींचा सूर तंतोतंत जुळावा लागतो, आणि खरी कसरत तीच. भिंत किंचित थरथरली तरी वारंवारता सरकते. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कण हाती लागला नाही, पण तो असलाच तर साध्या फोटॉनशी त्याचं सूत किती कमी जुळत असलं पाहिजे, ती मर्यादा आणखी खाली आली.

या जा-ये करण्याला शाळेच्या पुस्तकातला शब्द नेमका बसतो : अप्रकट उष्मा. बर्फ वितळताना उष्णता आत जाते, तापमापीतला पारा मात्र ढिम्म; पाणी गोठताना तीच बाहेर पडते. तेव्हा 'अप्रकट फोटॉन' म्हणा.

त्याच कणाला 'डार्क फोटॉन'ही म्हणतात. त्याचं 'कृष्ण फोटॉन' करू नका. वाचक थेट कृष्णद्रव्याकडे (डार्क मॅटर, विश्वातलं न दिसणारं द्रव्य) वळेल. फर्मिलॅबच्या या प्रयोगाला तर हा कण कृष्णद्रव्य असण्याची गरजच नाही, तो असलाच तर पहिल्या कॅव्हिटीतच तयार होतो.

राहिली 'कॅव्हिटी'. पोकळी म्हणायला हरकत नव्हती, पण आपल्याकडे निर्वातालाही 'निर्वात पोकळी' म्हणतात, आणि या कॅव्हिटीतली हवा काढून टाकलेली असते. पोकळीतल्या पोकळीचा हा घोळ नको. दातांमुळे 'कॅव्हिटी' घरोघरी पोचलेली आहेच, तीच राहू द्या.