ब्रेकरच्या डिझाइनला पेटंट मिळेल का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एमसीबी (घरच्या बोर्डातला छोटा ब्रेकर), स्टार्टर, डीसी ब्रेकर असल्या वस्तूंच्या डिझाइनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, की यावर पेटंट मिळेल का आणि घेऊन उपयोग काय. मी आधी स्विचगिअर डिझाइनमध्ये होतो, आता पेटंटचे ड्राफ्ट लिहितो, त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत. काहींनी पार ड्रॉइंगसकट डिटेल पाठवले होते, ते इथे मुद्दाम गाळलेत, का ते तिसऱ्या उत्तरात येईलच.

प्रश्न (नाशिक): आमचं छोटं वर्कशॉप आहे. एमसीबीच्या नॉबशेजारी खिडकी दिलीय, ब्रेकर स्वतः ट्रिप झाला की तिथे लाल पट्टी येते, हाताने बंद केला तर येत नाही. सोबत एलईडी पण आहे. वायरमन लोकांना खूप आवडलं, सगळे म्हणतात पेटंट घ्या. घेऊ का?

वायरमनला आवडलं म्हणजे वस्तू कामाची आहे यात शंका नाही, पण कामाची असणं ही कायद्याच्या तीन अटींपैकी एकच, बाकीच्या दोन म्हणजे ती नवीन हवी आणि तिच्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप हवी, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारं काही (पुढच्या उत्तरात सविस्तर). नवीन म्हणजे जगात कुठेच नसलेली, फक्त नाशिकच्या मार्केटमध्ये नसलेली नव्हे. आणि ट्रिप झालेला वेगळा दाखवणं ही जुनी गोष्ट आहे, एमसीसीबीचा (मोठ्या ब्रेकरचा) हँडल ट्रिप झाल्यावर मध्येच थांबतो तो त्यासाठीच, आणि काही कंपन्यांच्या एमसीबीत ट्रिपची लाल खिडकी पण येते. त्यावर एलईडी लावला म्हणून शोध होत नाही. तेव्हा ‘ट्रिप दाखवणारी खिडकी’ यावर मिळणार नाही, हे स्पष्टच सांगतो.

पण तुमच्या पत्रात खाली एक ओळ आहे की ओव्हरलोडने ट्रिप झाला तर पट्टी अर्धीच सरकते आणि शॉर्ट सर्किटला पूर्ण. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला तर सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतंय! ट्रिपचं कारण दाखवणारे दिवे मोठ्या ब्रेकरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटला असतात, पण साध्या एमसीबीत, बायमेटल (ओव्हरलोडला तापून वाकणारी पट्टी) आणि कॉइल (शॉर्ट सर्किटला ओढणारं चुंबक) दोघंही एकच लॅच (ब्रेकर धरून ठेवणारा खटका) सोडवतात तिथे, नुसत्या मेकॅनिझमने हा फरक दाखवत असाल तर बघण्यासारखं आहे. आधी सर्च करा. एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. नुसते शब्द टाकत बसू नका, पेटंटच्या वर्गीकरणाने शोधा, तिथे प्रत्येक विषयाला एक कोड असतो, ब्रेकरची रिलीज मेकॅनिझम एच०१एच ७१ मध्ये सापडतात आणि थर्मल-मॅग्नेटिक दोन्ही एकत्र असलेली ७१/४० मध्ये. एक जवळचं पेटंट मिळालं की त्याने कोणाचा दाखला दिलाय आणि त्याचा दाखला नंतर कोणी दिलाय ते उघडत जा, खरा खजिना तिथे असतो.

प्रश्न (ठाणे): मी ब्रेकर डिझाइन करतो. आर्क शूटमध्ये (आर्क म्हणजे ठिणगीचे तुकडे करणाऱ्या प्लेटांच्या कप्प्यात) ९ ऐवजी १३ प्लेट घालून आमचा ६ केएचा (६ हजार अँपिअरचं शॉर्ट सर्किट तोडणारा) ब्रेकर १० केएला पास झाला. टेस्ट रिपोर्ट आहे. एवढा मोठा फरक पडला म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप आलीच ना?

नाही आली. हे समजून घ्या, कारण ९० टक्के गोंधळ इथेच आहे असं माझं मत झालंय.

आपल्या कायद्यात इन्व्हेंटिव्ह स्टेपचे दोन भाग आहेत. एक, आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि दोन, त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखं नको. तुमचा टेस्ट रिपोर्ट पहिला भाग सिद्ध करतो, पण दुसऱ्यावर गाडी अडते. प्लेट वाढवल्या की आर्कचे तुकडे वाढतात, आर्क व्होल्टेज वाढतं, करंट लवकर दाबला जातो, हे १९२० च्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये स्लेपियन यांनी डी-आयन शूटवर (अशाच प्लेटांच्या शूटवर) काम केलं तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही डिझायनरला सांगा की ब्रेकिंग कॅपॅसिटी वाढव, तो पहिल्यांदा प्लेटच वाढवून बघेल.

यावर सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, डिसेंबर १९७८ चा, बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा वाद. लेथवर थाळी घासायची तर ती हेडस्टॉकला चिकटवायचे नाहीतर चकमध्ये धरायचे, त्यात वेग कमीजास्त व्हायचा आणि कामगाराला धोका, म्हणून एकाने पलीकडून फिरत्या टेलस्टॉकचा दाब देऊन थाळी धरायची पद्धत काढली आणि पेटंट घेतलं. पद्धत चांगली होती, सुरक्षित होती, फिनिश पण चांगलं यायचं. तरी पेटंट रद्द झालं, कारण लेथचे हे भाग आणि त्यांची कामं आधीच माहिती होती आणि कोर्टाने म्हटलं की सुधारणा ही नुसत्या वर्कशॉपमधल्या सुधारणेच्या पुढची हवी. कसोटी काय, तर जाणकार कारागिरापुढे तोच प्रश्न आणि तेव्हाचं सगळं ज्ञान ठेवलं, तुमचा शोध मात्र त्याला सांगितला नाही, तर तो त्या उत्तरापर्यंत आपसूक पोचला असता का.

आता तुमच्याच केसमध्ये उलट विचार करा. समजा प्लेट ९ च्या ७ केल्यात, मागची गॅस जायची वाट वेगळ्या आकाराची केलीत आणि तरी १० केए पास झाला. जाणकार म्हणेल प्लेट कमी केल्यावर हे फेल जायला हवं होतं, आणि ते गेलं नाही. सगळ्यांची अपेक्षा एका दिशेला आणि उत्तर दुसऱ्या दिशेला असेल तिथे इन्व्हेंटिव्ह स्टेप शोधावी. अशा वेळी दोन्ही रचनांचे ऑसिलोग्राम (टेस्टमधले करंट-व्होल्टेजचे आलेख) शेजारी ठेवा, आर्क व्होल्टेज किती मिलिसेकंदात चढलं, किती ऊर्जा पुढे गेली, प्लेटवर जळाल्याचे डाग कुठवर आहेत, हे सगळं स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) घाला. पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरशी भांडताना मोठमोठी विशेषणं कामाला येत नाहीत, आकडे येतात.

आणि क्लेममध्ये (नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणाऱ्या वाक्यात) ‘आर्क लवकर विझवणारा ब्रेकर’ असं परिणामाचं वाक्य लिहू नका, तो क्लेम टिकत नाही. वाट कुठून सुरू होते, प्लेटच्या खाचेशी तिचा कोन काय, कुठे अरुंद होते, रचना लिहा.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी): सोलरसाठी डीसी ब्रेकरचं प्रोजेक्ट केलं, मॅग्नेटची मांडणी नवीन आहे, करंट कुठल्याही दिशेने आला तरी आर्क शूटमध्येच जातो. स्पर्धेत बक्षीस मिळालं, यूट्यूबवर व्हिडिओ पण टाकलाय. आता पेटंट घेता येईल?

विषय फार चांगला निवडलाय, आधी तेच बोलतो. ५० हर्ट्झ एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझायला मदत होते, डीसीत ती सोय नाही, आर्क ओढून शूटमध्ये न्यावाच लागतो आणि त्यासाठी मॅग्नेट लावतात. पण साधा मॅग्नेट एकाच दिशेच्या करंटला बरोबर ढकलतो, उलट जोडला तर आर्क मेकॅनिझमकडे जातो आणि आग लागू शकते. (ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांनी डीसी एमसीबीवर + आणि − ची खूण असेल तर जोडणी एकदा जाणकाराकडून तपासून घ्याच, मनापासून सांगतोय.) बॅटरी असेल तर करंट दोन्हीकडून येणार, म्हणून तुझा प्रश्न अगदी खरा आहे.

आता वाईट बातमी. व्हिडिओत मॅग्नेटची मांडणी दिसत असेल तर ती उघड झाली, आणि आपल्या कायद्यात यूट्यूबला माफी नाही. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरला वगैरे, कॉलेजची स्पर्धा त्यात बसत नाही. अमेरिकेत स्वतःच उघड केलं असेल तर एक वर्ष मिळतं, पण भारतात राहणाऱ्याने आधी बाहेर अर्ज करायचा तर इथल्या पेटंट ऑफिसची परवानगी लागते, आणि तो खर्च विद्यार्थ्याने करावा असं मला वाटत नाही.

तरी सगळं संपलं नाही. व्हिडिओनंतर जी सुधारणा केलीस, जी कुठेच दाखवली नाहीस, तिच्यावर अर्ज करता येतो, फक्त ती तुझ्याच व्हिडिओच्या तुलनेत सहज सुचण्यासारखी नको. एच०१एच ९/४४ मध्ये सर्च कर, गर्दी आहे तिथे. कॉलेजचे हक्काचे नियम पण वाच. आणि बाकीच्यांनी मला ड्रॉइंग पाठवू नका, आधी अर्ज करा, मग कुणालाही दाखवा.

प्रश्न (सांगली): शेतातल्या मोटरसाठी एकाच पेटीत ब्रेकर, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा), ड्राय रन (पाणी संपलं की बंद करणारा) आणि मोबाईल स्टार्टर बसवलंय. असं एकत्र कोणी देत नाही.

एकत्र देत नाही म्हणून मिळत नाही. कलम ३(एफ) सरळ म्हणतं, माहितीच्या उपकरणांची नुसती मांडणी, जिथे प्रत्येक जण आपापलं नेहमीचं काम स्वतंत्र करतोय, तो शोध नाही. त्यांचं एकमेकांशी बोलणं असेल तर बघू, उदाहरणार्थ फेज गेल्याचं बघून ड्राय रनची सेटिंग आपोआप बदलते आणि त्यामुळे मोटर विनाकारण बंद पडत नाही असं काही. नसेल तर चांगली पेटी बनवा, गॅरंटी द्या, आणि विका. ब्रँडचं नाव मात्र रजिस्टर करा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): चीनमध्ये तर नॉबचा छोटा बदल केला तरी पेटंट मिळतं, आपल्याकडेच का नाही?

तिथे युटिलिटी मॉडेल नावाचा वेगळा हक्क आहे, १० वर्षांचा, त्याला इन्व्हेंटिव्ह स्टेपची अट हलकी. जर्मनीत पण आहे, आपल्याकडे नाही. त्याला कमी समजू नका, चिंट कंपनीने एमसीबीवरच्या अशाच एका युटिलिटी मॉडेलवर श्नायडरच्या तिथल्या कंपनीला कोर्टात खेचलं, २००७ मध्ये वेन्झोउच्या कोर्टाने ३३ कोटी युआनच्या वर भरपाई सांगितली आणि २००९ मध्ये १५ कोटी ७५ लाख युआनवर समझोता झाला. माझ्या मते आपल्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना असा हक्क खरंच हवा. तोवर दोनच रस्ते, पूर्ण पेटंट किंवा नुसत्या दिसण्यासाठी डिझाइन रजिस्ट्रेशन, ते १० आणि पुढे ५ वर्षं. पण दिसण्यासाठी म्हणजे दिसण्यासाठीच, आतली स्प्रिंग त्यात येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, चीनमधली ती सगळी युटिलिटी मॉडेल्स तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून चालतात, म्हणून सर्चमध्ये चिनी कागद गाळू नका, मशीन ट्रान्सलेशन आणि ड्रॉइंगवरून बरंच कळतं.

प्रश्न (कोल्हापूर): खर्च किती येतो? वकिलाशिवाय अर्ज करता येतो का?

येतो. महाराष्ट्र-गोव्याचं पेटंट ऑफिस मुंबईला अँटॉप हिलला आहे, पण सगळं ऑनलाइन होतं. स्वतःच्या नावाने अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत, आणि तपासणीच्या फॉर्म १८ चे ४०००. हा फॉर्म ३१ महिन्यांच्या आत भरला नाही तर अर्ज गेला, आपोआप कोणी तपासत नाही. टेस्टिंग बाकी असेल तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) टाका, मग भोपाळच्या सीपीआरआयला किंवा वडोदऱ्याच्या एर्डाला, या टेस्टिंग लॅबना, नमुना पाठवा. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत द्यावंच लागतं, त्याला मुदतवाढ नाही, आणि प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंच नाही त्याला आधीची तारीख मिळत नाही, म्हणून तो दोन पानांत उरकू नका. अर्ज तुम्ही स्वतः भरा हवं तर, पण क्लेम तरी पेटंट एजंटकडून लिहून घ्या, तिथे वाचवलेले पैसे पुढे फार महाग पडतात.