वाचक विचारतात : मोठ्या नटाशी बोलायला बसताना

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रंगभूमीवरच्या ज्येष्ठांच्या मुलाखती वाचताना सारखं वाटतं, हे आपण आधी कुठेतरी वाचलंय. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देतोय.

आमच्या कॉलेजच्या अंकासाठी गावातल्या एका जुन्या नाट्यकलावंतांची मुलाखत घ्यायचीये, वय ८० च्या पुढे आहे. तयारी काय करू आणि सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, इचलकरंजी)

पहिलं म्हणजे "तुमचा प्रवास सांगा" हा प्रश्न विचारू नकोस. हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकलेला असतो की उत्तर पाठ झालंय, आणि ते पाठ उत्तर ते अगदी छान, टाळीच्या जागा घेत सांगतात, कारण शेवटी नट आहेत ते. तू ऐकत बसशील, घरी येऊन टाईप करायला घेशील तेव्हा कळेल की हातात काहीच नाहीये.

एका ज्येष्ठ नटाकडे गेलो होतो, नाव लिहू नका म्हणालेत म्हणून लिहीत नाही. तासभर सगळे ठरलेले किस्से झाले, एसटीची बस चुकली, ऐनवेळी लाइट गेले, अमुक साहेब पहिल्या रांगेत बसले होते वगैरे. मग मी सहज विचारलं की काका, दुसऱ्या अंकात ती खुर्ची नक्की कुठे असायची हो? तर ते उठलेच. गुडघे दुखत होते तरी उठले, स्टूल सरकवलं, टीपॉय भिंतीला लावला, "इकडे विंग, इकडून ती यायची" म्हणाले आणि बोलायला लागले ते स्वतःचं वाक्य नाहीच, समोरच्या पात्राचं! तिचं वाक्य संपलं की मग ह्यांचं आपोआप येत होतं. मधेच अडकले की दोन पावलं मागे जायचे, परत त्या जागेवर यायचे आणि वाक्य सापडायचं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या, त्यांनाही सगळं पाठ होतं. त्यानंतरची मुलाखत ही खरी मुलाखत, कारण आता ते आठवणी सांगत नव्हते, काम दाखवत होते.

म्हणून जागा विचार, वस्तू विचार. हातात काय असायचं, काठी कुठल्या हातात, एन्ट्रीच्या आधी विंगेत उभं राहून काय करायचे, दौऱ्यावर गावोगावचं स्टेज लहानमोठं असायचं तर हालचाली कशा जमवायच्या. नटाची आठवण अंगात असते असं माझं मत होत चाललंय. आणि जमलं तर त्यांच्या रंगभूषाकाराला, कपडेपट सांभाळणाऱ्याला, विंगेतून वाक्यं आठवून देणाऱ्या प्रॉम्प्टरला आधी भेट. त्यांना कोणी विचारतच नाही आणि त्यांनी प्रत्येक प्रयोग आतून पाहिलेला असतो. सालांवर मात्र भरवसा ठेवू नकोस, लायब्ररीत जाऊन जुन्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघ, कुठलं नाटक कुठल्या थिएटरला कधी लागलं ते तिथे पक्कं मिळतं.

डॉ. श्रीराम लागूंना जो तो 'नटसम्राट'बद्दलच का विचारायचा? तुम्ही काय विचारलं असतंत? (एक वाचक, नाशिक)

विचारणारच हो, गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० ला ते नाटक आणलं आणि आप्पासाहेब बेलवलकर म्हणजे डॉक्टर असं जे समीकरण झालं ते कायमचंच. पण १९७० सालीच त्यांनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे'सुद्धा केलंय, आणि पडद्यामागचा किस्सा म्हणाल तर माझ्या मते तो तिथे आहे. त्या नाटकातल्या माणिक या पात्राच्या साडीवर गर्भपाताच्या रक्ताचा डाग दिसतो, त्याला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल समजावा! म्हणजे नुसता डाग दिसला असता त्यापेक्षा जास्त ठळक झाला तो. मी विचारलं असतं की ही घोषणा झाल्यावर थिएटरात जी काही शांतता किंवा हशा व्हायचा त्यात पुढचं नाटक कसं उभं करायचात, दिग्दर्शकही तुम्हीच होतात.

दुसरं म्हणजे डॉक्टर कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस केली, टांझानियात केली आणि मग चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. ज्या माणसाला स्वरयंत्र आतून कसं दिसतं ते माहितीये तो बेलवलकरांची लांबलचक स्वगतं करताना घसा कसा वापरत असेल? दौऱ्यात सलग प्रयोग असले की काय करायचे? हे विचारायला हवं होतं. आणि सत्तरी पार केल्यावर मकरंद साठ्यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस उभा केला, त्या वयात ते पाठांतर कसं केलं, हेही.

प्रभाकर पणशीकरांचंही तसंच. 'तो मी नव्हेच' म्हटलं की लखोबा लोखंडे आणि फिरता रंगमंच एवढं सगळ्यांना माहिती. पण १९६२ पासून इतकी वर्षं एकाच नाटकात पाच रूपं बदलायची तर अंधारात कोट कोण धरून उभा असायचा, कुठलं बटण आधी, टोपी कोणाच्या हातात, त्या माणसांची मुलाखत झाली असती तर मी ती उभ्या उभ्या वाचली असती.

प्रयोगाच्या दिवशी थिएटरवरच मुलाखत उरकली तर चालेल का? आणि रेकॉर्डर बंद केल्यावर जे बोलतात त्याचं काय करायचं? (दिवाळी अंकाचं काम बघणारा एक वाचक, पणजी)

प्रयोगाआधी नको. पहिल्या घंटेपर्यंत बोलतील, हसतील, चहा पाजतील, पण मन तिथे नसतं. काही जण तर मेकअपला बसले की एक शब्द बोलत नाहीत, रंगभूषाकार डोळ्यांनीच आपल्याला बाहेर जा म्हणून खुणावतो आणि आपण मुकाट्याने जायचं. मध्यंतरातही आत डोकावू नका, ती दहा-पंधरा मिनिटं त्यांची आहेत.

प्रयोगानंतर मात्र जरूर थांबा. भेटायला आलेले लोक, सेल्फीवाले गेले की मेकअप रूममध्ये खोबरेल तेलाचा वास आणि थकलेला माणूस एवढंच उरतं. एका नटाला मी असं पाहिलंय, चिकटवलेली मिशी एका टोकाकडून हळूहळू सोडवत होते, वरचा ओठ लालबुंद झालेला, आणि सोडवता सोडवता आजच्या प्रयोगात कुठे लय गेली ते स्वतःच सांगत होते, कुणी विचारलं नव्हतं. मी वही उघडलीच नाही, ऐकत बसलो, उघडली असती तर ते गप्प झाले असते असं मला आजही वाटतं. मग दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, काल मिशीच्या वेळी बोललात त्यातलं थोडं लिहू का? काही लिहा म्हणाले, काही नको म्हणाले.

रेकॉर्डर बंद झाल्यावरचं बोलणं हे असंच, विचारल्याशिवाय नाही छापायचं. निर्मात्याने नाइटचे, म्हणजे प्रयोगाचे, पैसे बुडवले, सहकलाकाराने ऐनवेळी वाक्य खाल्लं, असं बरंच येतं आणि त्यातली अर्धी माणसं आज उत्तर द्यायला हयात नसतात. दिवाळी अंक खपेल हो त्यावर, पण त्या घरात पुन्हा जाता येणार नाही तुम्हाला. शक्य असेल तर पूर्ण मजकूर त्यांना बसून वाचून दाखवा. स्वतः वाचायला देऊ नका, वाचून दाखवा, नट असल्यामुळे कानाने लगेच पकडतात की हे वाक्य माझं नाही, तुम्ही सजवलंय. ती वाक्यं तिथल्या तिथे खोडा आणि ते जसं म्हणतील तसं लिहून घ्या.