ड्रिलिंगवर ठेवलंय म्हणून अप्रेंटिसशिप सोडावी का?

प्रश्न : मुलगा आयटीआय मशिनिस्ट पास झाला. कुपवाड एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागून चार महिने झाले, पण त्याला फक्त ड्रिलिंग मशीनवर ठेवलंय. 'दिवसभर भोकं पाडायची, यात शिकायचं काय?' असं म्हणतो. सगळं सोडून तीन महिन्यांचा व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) खासगी कोर्स करायचा त्याचा हट्ट आहे, फी ३५ हजार. मध्यंतरी चिपनं (ड्रिल करताना निघणाऱ्या धातूच्या किसानं) बोटही कापलं. त्याला जाड हातमोजे घेऊन देऊ का? कोर्सचं काय करावं? – एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हातमोज्यांचं. ते अजिबात घेऊन देऊ नका. फिरत्या ड्रिलला मोज्याचा एक धागा जरी अडकला तरी मोजा बोटांसकट ओढला जातो, हात सोडवायला वेळच मिळत नाही. लांब बाह्या, मनगटातला दोरा, गळ्यातला रुमाल यांचंही तेच. बोट चिपनं कापलं म्हणजे तो बहुतेक हातानं चिप काढतोय. त्यासाठी ब्रश असतो, चिप लांब असेल तर हूक, आणि दोन्ही मशीन थांबल्यावरच वापरायचे. डोळ्यांना गॉगल मात्र हवाच. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, हातात धरून होल मारतो का, हेही विचारा. ड्रिल खालून बाहेर पडताना पकडतं आणि जॉब गरकन फिरतो. लहान जॉब व्हाइसमध्ये, मोठा टेबलाला क्लॅम्पनं बांधून, आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हँडलवरचा जोर कमी करून मारायचा. जॉब फिरलाच तर हात न घालता आधी स्विच बंद करायचा.

आता मूळ प्रश्न. अप्रेंटिसशिप सोडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मुदत पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळतं. भरतीत त्याला किंमत असते. मध्येच सोडलं तर हे चार महिने कागदावर उरत नाहीत. मुलाच्या तक्रारीत तथ्यही आहे. अप्रेंटिसला पूर्ण मुदत एकाच मशीनवर ठेवणं योग्य नाही, त्याच्या ट्रेडप्रमाणे मिलिंग आणि ग्राइंडिंगवरही काम मिळायला हवं. आधी सुपरवायझरशी बोलावं, मग ऑफिसला लेखी अर्ज द्यावा, आणि तरी काही हललं नाही तर आयटीआयमध्ये अप्रेंटिसचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटावं. अर्जात भांडणाचा सूर नको. 'पुढच्या महिन्यापासून मिलिंगवर संधी मिळावी' एवढं पुरे.

मात्र 'यात शिकायचं काय?' हे त्याचं म्हणणं मान्य करता येणार नाही. मिरज-कुपवाडपासून पलूस-किर्लोस्करवाडीपर्यंत आणि तिकडे साताऱ्यातही पंप, इंजिन आणि व्हॉल्व्हचे भाग बनतात. अशा भागांवर फ्लँजची (जोडाच्या कडेची) होलं, आटे, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनेची) होलं असतातच. आणि बऱ्याच जॉबवर होल पडतं ते कास्टिंग ओतून, टर्निंग होऊन, सगळ्यात शेवटी. तिथे चूक झाली की आधीच्या सगळ्यांची मेहनत भंगारात जाते. हे काम नीट येणारा मुलगा कारखान्याला हवाच असतो.

त्यानं पहिली गोष्ट शिकायची ती ड्रिलला हातानं धार लावणं. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलचा टोकाचा कोन ११८ अंश, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ५९-५९. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, आणि धारेमागचा उतार ८ ते १२ अंश. गेज लावून तपासायचं. चुकलं तर ड्रिल स्वतःच सांगतं, फक्त बघायला शिकलं पाहिजे. चिप एकाच खाचेतून येत असेल तर एक धार लांब आहे किंवा कोन सारखे नाहीत. असं १२ मिलिमीटरचं ड्रिल १२.२ किंवा १२.३ चं होल पाडतं आणि दोष मशीनवर जातो. जोर लावूनही ड्रिल आत न शिरता नुसतं घासत असेल, तर मागचा उतार कमी पडलाय. बाहेरचे कोपरे जळून काळे झाले तर आरपीएम (मिनिटाला फेरे) जास्त होते. धार लावताना फार तापलेलं ड्रिल एकदम पाण्यात बुडवू नये, धारेला बारीक तडे जातात. जुनी, बाद झालेली ड्रिलं सुपरवायझरकडे मागून रोज दोन घासली तर महिनाभरात हात बसतो.

दुसरी गोष्ट हिशेब. माइल्ड स्टीलवर एचएसएस ड्रिलचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात. त्यातून सोपं गणित निघतं : ८००० ला ड्रिलच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा, आरपीएम मिळतात. १० च्या ड्रिलला ८०० आरपीएम, २० च्या ड्रिलला ४००. स्टेनलेसला याच्या निम्मे. बीडाला (ओतीव लोखंडाला) माइल्ड स्टीलपेक्षा थोडे कमी, आणि बीड सहसा कोरडंच मारतात. स्टीलला कुलंट (थंड ठेवणारं द्रव) लागतं. आरपीएम ठरवणारा बेल्ट कोणत्या पुलीवर आहे हे न बघता आधीच्या पाळीत होता तसाच मशीन चालवणारी मुलं पुष्कळ दिसतात. तुमच्या मुलानं तसं करू नये.

मग आटे. एम८ ला, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांना, ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२ चं ड्रिल. हे आकडे तोंडपाठ हवेत. होल लहान पडलं तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत तुटतो आणि तुटलेला टॅप काढताना जॉब जातो. मोठं पडलं तर आटे उथळ होतात आणि बोल्ट आवळताना सुटतात. रीमिंगचंही, म्हणजे पाडलेलं होल नेमक्या मापाचं करण्याचंही, असंच. १० एच७ चं होल (एच७ म्हणजे मापातल्या फरकाची ठरलेली मर्यादा) हवं असेल तर ते १०.००० ते १०.०१५ मध्ये बसलं पाहिजे. त्यासाठी आधी ९.८ चं ड्रिल, मग रीमर, वेग ड्रिलच्या निम्म्याहून कमी, आणि रीमर बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही. होल मापात आहे का ते दाखवणारं गो-नो गो गेज हातात घेऊन स्वतः तपासायची सवय त्यानं आत्ताच लावून घ्यावी.

व्हीएमसीवर हेच सगळं पुन्हा भेटतं. समजा २५ मिलिमीटर जाड प्लेटला १० चं आरपार होल हवंय. प्रोग्राममध्ये जी८१ (ड्रिलिंगची आज्ञा) सगळे लिहितील, पण एस८००, म्हणजे ८०० आरपीएम, कुठून आलं? वरच्याच भागाकारातून. फेऱ्याला ०.२ मिलिमीटर फीड धरला तर ८०० गुणिले ०.२ म्हणजे एफ१६० (मिनिटाला १६० मिलिमीटर फीड). खोली २५ लिहिली तर होल आरपार जाणार नाही, कारण ११८ अंशाच्या टोकाची लांबी व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे इथे ३ मिलिमीटर. ती आणि बाहेर पडायला २ मिलिमीटर धरून ३० लिहावं लागतं. होल व्यासाच्या तिपटीहून खोल असेल तर चिप अडकून ड्रिल तुटू नये म्हणून जी८३ घेऊन थोडं आत, पुन्हा बाहेर असं टप्प्याटप्प्यानं जायचं. एम८ टॅपिंगला एस३०० ठेवलं तर फीड ३०० गुणिले १.२५ (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे ३७५, इथे इकडेतिकडे चालतच नाही. ज्याला हे ड्रिलिंग मशीनवर कळलंय तो व्हीएमसी लवकर उचलतो. नाहीतर मुलगा तीन महिन्यांच्या कोर्सनंतर जॉब चढवणं-उतरवणं आणि बटण दाबणं एवढ्यावरच राहतो.

व्हीएमसी शिकू नये असं मुळीच नाही. त्याच कारखान्यात व्हीएमसी असेल तर पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून सेटिंग बघण्याची परवानगी मागावी. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय झालाय, त्यामुळे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मिरज आणि कराड दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. गणिताची तयारी असेल तर माझ्या मते ३५ हजारांच्या कोर्सपेक्षा ही वाट चांगली.

तरीही अप्रेंटिसशिपनंतर त्याला तो कोर्सच करायचा असेल, तर पैसे भरण्याआधी बॅच चालू असताना तुम्ही दोघं क्लासला जाऊन या. एका मशीनवर किती मुलं, प्रत्येकाला मशीनवर स्वतः किती तास, टूल सेटिंग आणि ऑफसेट घेणं (टूल आणि जॉबची जागा मोजून मशीनला सांगणं) हातानं करून घेतात का, हे विचारा. मशीन बंद आणि सगळी मुलं कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसली, तर फी भरू नका.