जुनी स्नोमोबाईल घेताय? आधी प्लग काढून बघा

बर्फावर चालणारी ही गाडी घेताना कंपनीच्या नावावर अडून बसू नका. स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट, सगळ्यांच्या गाड्या नीट ठेवल्या तर चालतात. यामाहाची फोर-स्ट्रोक इंजिनं दणकट, यात वादच नाही. पण 2025 च्या मॉडेलनंतर त्यांनी स्नोमोबाईल बंद केल्या. तेव्हा सुटे भाग कुठून मिळतील, हे डीलरला आधी विचारा.

थ्रॉटल दाबला की गाडी गुदमरते? लगेच इंजिन खोलायला धावू नका. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काढा, ताजं भरा. मग स्पार्क प्लग काढून उजेडात धरा. टोक बदामी असेल तर उत्तम. काळं, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक दिसलं तर मात्र गाडी तिथंच थांबवा: हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि अशात टू-स्ट्रोकला फुल थ्रॉटल दिलात तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर बहुधा पायलट जेट (कमी थ्रॉटलवर पेट्रोल सोडणारी तोटी) तुंबलेला असतो. त्याचं छिद्र फार बारीक. तार खुपसून ते मोठं करू नका, क्लीनर मारा आणि हवेनं साफ करा.

इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, असं असेल तर आधी बेल्ट आणि क्लच तपासा.