झूटोपिया या डिस्नेच्या प्राण्यांच्या शहरावरच्या ॲनिमेशन सिनेमाच्या पहिल्या कथेत प्राण्यांच्या गळ्यात पट्टे होते म्हणतात, खरंय का? आणि मग ते काढले का?

हो, खरंय. आणि पट्टा ही काही मधेच टाकलेली एखादी गोष्ट नव्हती, पहिली अख्खी स्टोरीच त्याच्यावर उभी होती. त्या वेळी हिरो जूडी (पोलिसात गेलेली सशाची पोर) नव्हती, निक होता, तो कोल्हा. शहरात दहातले नऊ प्राणी सावज जातीचे, म्हणजे ससे मेंढ्या वगैरे, आणि एक शिकारी जातीचा, आणि कायदाच असा की प्रत्येक शिकारी प्राण्याने गळ्यात शॉक देणारा पट्टा घालायचा, जरा चिडला, जरा जास्त एक्साइट झाला की झटका. निकचं स्वप्न काय, तर 'वाइल्ड टाइम्स' नावाचं एक चोरून चालणारं अम्युझमेंट पार्क, जिथे शिकारी प्राण्यांनी आत यायचं, पट्टा काढायचा आणि घटकाभर मोकळं ओरडायचं, पळायचं, बस.

त्यातला एक सीन माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पांढऱ्या अस्वलाच्या पिल्लाला पहिला पट्टा घालायचा कार्यक्रम असतो, अगदी वाढदिवसासारखी पार्टी, पिल्लू खूश, आपण आता मोठे झालो म्हणून. पट्टा बसतो, ते आनंदाने नाचायला लागतं आणि त्या आनंदाचाच त्याला शॉक बसतो. बापाला हे आधीपासून माहीत असतं, तरी घालावा त्यालाच लागतो. भेदभाव पुढच्या पिढीकडे कसा जातो हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

मग काढलं का? प्रॉब्लेम असा झाला की सुरुवातीच्या स्क्रीनिंगला बघणाऱ्यांना ते शहरच आवडेना. निकच्या नजरेतून बघितलं की वाटायचं, इथे राहायचंच कशाला, जा निघून. म्हणून नोव्हेंबर २०१४ मध्ये, सिनेमा मार्च २०१६ ला यायचा होता म्हणजे जेमतेम सोळा महिने हातात असताना, दिग्दर्शक बायरन हॉवर्ड आणि टीमने जूडीला मेन कॅरेक्टर केलं आणि पट्टे गेले.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता, आणि फक्त पट्ट्याची दुनिया फार अंधारी होती म्हणून नाही. पट्टा असला की दोषी कोण हे लगेच कळतं, कायदा वाईट, सरकार वाईट, आपण प्रेक्षक निकच्या बाजूने बसून मोकळे. जूडीच्या बाजूने बसलो की तसं सुटता येत नाही, कारण ती चांगली आहे, मेहनती आहे, तिला स्वतःला ससा म्हणून कमी लेखलं गेलंय, आणि तरी आईबापांनी दिलेला कोल्ह्यावर मारायचा स्प्रे तिच्या कमरेला आहे. शहरात काही शिकारी प्राणी अचानक हिंस्र होतात, त्यावरच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये ती काही मुद्दाम वाईट बोलत नाही, फक्त म्हणते की शिकारी प्राण्यांच्या जन्मातच काहीतरी असेल, आणि तेवढं पुरतं. नंतर निक तिला विचारतो की तू मला घाबरतेस का, आणि झडप घातल्यासारखं करतो, तर तिचा हात आपोआप स्प्रेकडे जातो. हा सीन बघताना मला आमच्या सोसायटीची एक मीटिंग आठवली, फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय होता, कुणीतरी म्हणालं 'तसे लोक चांगले असतात हो, पण...' आणि बाकी सगळे गप्प, मीपण गप्पच.

आणि पट्टा पूर्ण गेलाच नाही खरं तर. निकची लहानपणची गोष्ट आठवा, स्काउटमध्ये भरती व्हायला नवीन युनिफॉर्म घालून जातो आणि बाकीची पोरं त्याला पाडून तोंडाला मुसकं बांधतात. आधी जे शहरभर सगळ्यांच्या गळ्यात होतं ते आता एका पोराच्या आठवणीत राहिलं, मला तरी ते जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही व्हर्जनमध्ये खटकते, ती म्हणजे त्या जगात शिकारी प्राणी एके काळी सावजांना खरोखरच खायचे, त्यामुळे भीतीला थोडं कारण मिळतं. माणसामाणसांतल्या भेदाला तसलं काही कारण नसतं, तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

पट्ट्याचे काही सीन ब्लू-रेच्या एक्स्ट्रामध्ये आहेत, पूर्ण ॲनिमेशन नाही, नुसती स्केचेस आहेत, पण अस्वलाच्या पिल्लाचा तेवढा बघाच.