लंडनच्या पत्त्यातला ‘बेकर्स आर्म्स’ कसा शोधायचा

तुमचा प्रश्न असा की लंडनच्या घरमालकाने चालत येण्याचा रस्ता लिहून पाठवलाय, त्यात ‘बेकर्स आर्म्सवरून डावीकडे’ असं आहे, आणि त्या नावाचं दुकान की हॉटेल काहीच सापडत नाही. म्हणून घराबद्दलच शंका येतेय. नुसत्या या नावावरून शंका घेऊ नका. (घर पाहिल्याशिवाय डिपॉझिट मात्र कुणालाच पाठवू नका.)

बेकर्स आर्म्स हा पूर्व लंडनमध्ये लेटनला, ली ब्रिज रोडवरच्या चौकातला जुना पब. तो केव्हाच बंद पडला, पण चौकाला लोक अजून त्याच नावाने ओळखतात. काळा घोडा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, तरी मुंबईत काळा घोडा म्हटलं की कुठे जायचं ते कळतंच ना, तसं. म्हणून पाटी शोधत फिरू नका, चौक शोधा. आणि मालकाला सरळ विचारा, ‘त्या कोपऱ्यावर आज कोणतं दुकान आहे?’

लंडनमध्ये हे पावलोपावली भेटेल. एंजल, स्विस कॉटेज, एलिफंट अँड कॅसल ही ट्यूबची (लंडनच्या मेट्रोची) स्टेशनं मुळात पबच्या किंवा सरायांच्या नावांची. एलिफंटला किल्ला नाही. पाठीवर किल्ला घेतलेल्या हत्तीचा पुतळा तेवढा आहे. चेरिंग क्रॉसचा मूळ क्रॉस १६४७ मध्येच पाडला, आत्ता स्टेशनसमोर दिसतो तो व्हिक्टोरियाच्या काळातला. ऑक्सफर्ड सर्कसला सर्कस नाही, तो मोठा चौक आहे. रस्त्याच्या नावात शेवटी ‘क्लोज’ आलं तर बहुतेक वेळा पुढे गाडीरस्ता संपतो.

खरा घोळ सारख्या नावांनी होतो, तिथे जपा. चर्च रोड लेटनला आहे आणि विल्सडेनलाही, दोन्ही शहराच्या दोन टोकांना. लेटनचा पोस्टकोड ई १० ने सुरू होतो, विल्सडेनचा एनडब्ल्यू १० ने. रस्त्याच्या पाटीवर ही अक्षरं बहुधा असतात, ती वाचायची सवय लावा. एजवेअर रोड नावाची ट्यूब स्टेशनं दोन आहेत, थोड्या अंतरावर पण वेगवेगळी. आणि नुसतं एजवेअर म्हणजे नॉर्दर्न लाइनचं पार शेवटचं टोक! मालकाकडून पूर्ण पोस्टकोड घ्या, त्याने तुम्ही थेट गल्लीत पोचता. बसथांब्याच्या नावासोबत त्याचं अक्षरही विचारा. मोठ्या चौकात एकाच नावाचे चार-पाच थांबे असतात, आणि खांबावरच्या लाल गोलातल्या अक्षरावरून आपला कोणता ते कळतं.

फोनची बॅटरी संपली तर फुटपाथवर नकाशाचे उंच फलक असतात, ‘लेजिबल लंडन’ नावाचे. सगळीकडे नाहीत, पण गर्दीच्या भागात बरेच आहेत. त्यात वरची बाजू उत्तर नसते! तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा वर असते. पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल त्याचं वर्तुळही काढलेलं असतं. आपल्याला नकाशा उत्तरेकडून वाचायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हे उलटं वाटतं.

तुम्ही डिसेंबरात येताय. तेव्हा चारच्या आत सूर्य मावळतो, आणि रस्त्यांच्या पाट्या कधी भिंतीवर उंच, कधी गुडघ्याएवढ्या खाली, अंधारात दिसत नाहीत. विमान दुपारनंतर उतरत असेल तर पहिल्या दिवशी सामान घेऊन चालत जाऊ नका. स्टेशनवरून टॅक्सी करा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तो रस्ता एकदा चालून बघा.